इंजिन कुणाचं, आणि पाना कुणाच्या हातात?

एक सोपा प्रश्न विचारतो. आपल्या चंद्रपुरात दहा चाकी टिप्परला लोक काय म्हणतात? गाडी टाटाची असो, लेलँडची असो की भारतबेंझची, उत्तर एकच येतं : 'हायवा'. आता गंमत बघा. डाला उचलणारा जो हायड्रॉलिक जॅक असतो ना, तो बनवणाऱ्या कंपनीचं हे नाव आहे. ट्रक बनवणाऱ्यांशी त्याचा काही संबंध नाही. म्हणजे एवढ्या मोठ्या गाडीचं बारसं झालं ते जॅकच्या नावाने, आणि सगळं वजन ओढणारं जे इंजिन, त्याचं नाव पुष्कळदा मालकालाही सांगता येत नाही. यात मालकाची चूक नाही. इंजिन निवडा असं त्याला कधी कुणी म्हटलंच नाही.

आपण शंभर-दोनशेचा टी-शर्ट घ्यायचा तर गोल बाजारात चार दुकानं पालथी घालतो. चाळीस-पन्नास लाखांचा टिप्पर घेणारा माणूस मात्र दोनच गोष्टी बघतो : फायनान्स कोण देतो, आणि कंपनीचं वर्कशॉप किती लांब आहे. आपल्या हॉस्टेलमध्ये असे कितीतरी जण आहेत ज्यांच्या घरी एखादा ट्रक आहे, किंवा वडील, मामा, काका ट्रकवर आहेत. त्यांना विचारून बघा. आणि मेकॅनिकलवाल्यांनो, तुम्ही तर जरूर विचारा, कारण हा विषय शेवटी आपल्याच दारात येऊन उभा राहणार आहे.

आधी बाजारात काय आहे ते पाहू. टाटाच्या जड टिप्परमध्ये प्रामुख्याने कमिन्सचं ६.७ लिटरचं इंजिन असतं. लेलँडचं स्वतःचं 'एच सिरीज' आहे, ज्याचं मूळ जपानच्या हिनोच्या तंत्रज्ञानात आहे. भारतबेंझमध्ये ७.२ लिटरचं मर्सिडीज कुळातलं, महिंद्रामध्येही ७.२ लिटरचं पण त्यांचं वेगळं, आणि आयशरमध्ये व्होल्वोच्या भागीदारीतून आलेलं पीथमपूरचं. मोठ्या खाणीत ओव्हरबर्डन वाहणारे व्होल्वो-स्कॅनिया सोडून द्या, ती श्रीमंतांची पंगत आहे. थोडक्यात काय, एका कंपनीचा ट्रक घेतला की इंजिन तिने ठरवलं तेच मिळतं. चासी या कंपनीची आणि इंजिन त्या कंपनीचं असं मागायची सोय नाही.

आपल्याकडे हे पहिल्यापासून असंच आहे. १९५४ मध्ये टेल्कोने डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपुरात ट्रक बांधायला घेतले. तिकडे मद्रासला अशोक लेलँड ब्रिटिश लेलँडच्या मदतीने उभी राहिली. त्यानंतर कित्येक वर्षं देशातला जड ट्रक म्हणजे या दोघांपैकी एक. १९९३ मध्ये टाटा आणि अमेरिकेची कमिन्स यांनी एकत्र कंपनी काढली, आणि टाटाच्या ट्रकमध्ये कमिन्सचं इंजिन आलं. २००० नंतर मात्र वाटलं की आता खरी चुरस होणार. भूजची एएमडब्ल्यू आली. फोर्सच्या जोडीने जर्मनीची मॅन पीथमपुरात आली. महिंद्राने अमेरिकेच्या नॅव्हिस्टारला सोबत घेतलं. २०१२ मध्ये भारतबेंझ आली.

पुढे काय झालं? नॅव्हिस्टारने २०१२-१३ मध्ये आपला वाटा महिंद्राला विकला आणि ती निघून गेली. मॅनने २०१८ मध्ये भारतातून बाहेर पडायचं जाहीर केलं. एएमडब्ल्यूचा कारखाना बंद पडला आणि कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मोठ्या कंपनीसाठी हा ताळेबंदातला एक आकडा असतो. ज्याने अजून तीन वर्षांचे हप्ते भरायचे आहेत, त्याच्या अंगणात मात्र तो न चालणारा ट्रक असतो.

पण यात एक बारीक गोष्ट आहे, ती लक्षात ठेवा. एएमडब्ल्यूच्या गाडीत इंजिन कमिन्सचं होतं, टाटाच्या गाड्यांत धावणाऱ्याच कुळातलं. त्यामुळे कंपनी गेली तरी तिच्या मालकाला निदान इंजिनासाठी सुटे भाग आणि हात बसलेला मिस्त्री शोधता येत होता. मॅनचं इंजिन मॅनचंच. ते बाजारात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. म्हणजे इंजिन किती ताकदीचं, किती ॲव्हरेज देणारं, हे दोन्ही प्रश्न बरोबर आहेत, पण त्यांच्याही आधी एक प्रश्न येतो : हे इंजिन कंपनीशिवाय आणखी कोण उघडू शकतं?

पूर्वी या प्रश्नाचं उत्तर 'कोणीही' असं होतं. पंप आणि नोझल जाणणारा मिस्त्री, एक चांगला पाना सेट आणि ड्रायव्हरचा कान, एवढ्यावर गाडी उभी राहायची. आज तसं नाही, आणि त्याला कारणही चांगलं आहे.

ते कारण आपण इथले लोक तर नाकारूच शकत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक भागांचा प्रदूषण निर्देशांक काढला, त्यात चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथं आलं. परीक्षेत असे मार्क मिळाले असते तर आपण पेढे वाटले असते! वीज केंद्र, कोळसा खाणी, सिमेंट कारखाने आणि त्यांच्यामध्ये धावणारे ट्रक, या सगळ्यांचा धूर आपल्याच छातीत जातो. घुग्घूस रोडने मोटारसायकलवर जाऊन आलेल्याचा रुमाल बघितला की पुरावा वेगळा लागत नाही.

म्हणून १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं हे योग्यच झालं. आपण बीएस-४ वरून बीएस-५ गाळून थेट सहावर उडी मारली. जड इंजिनासाठी नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोवॅट-तासाला ३.५ ग्रॅमवरून ०.४ ग्रॅमवर आली. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० वर आलं. 'जुनी गाडीच बरी होती' असं म्हणणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं, की जुनी गाडी मालकाला बरी होती, रस्त्याच्या कडेला राहणाऱ्याला नव्हती.

आता या मर्यादा पाळण्यासाठी इंजिनाच्या मागे एक छोटा रासायनिक कारखानाच जोडलेला असतो. काजळी अडवायला एक फिल्टर, म्हणजे डीपीएफ. नायट्रोजन ऑक्साइड मारायला एससीआर, ज्यात ३२.५ टक्के युरियाचं द्रावण फवारलं जातं. ड्रायव्हर त्याला सरळ 'युरिया' म्हणतात. जागोजागी तापमानाचे आणि वायूचे सेन्सर, आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवणारा संगणक. काही बिघडलं आणि वेळेत दुरुस्त झालं नाही तर हा संगणक इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. म्हणजे गाडी चालू असते, पण पिकअप देत नाही, चढ चढत नाही.

हा सगळा कारखाना चालतो तो उष्णतेवर. आपण थर्मलच्या पेपरात जे लिहून येतो ना, तेच इथे रस्त्यावर घडतं. फिल्टरमध्ये साठलेली काजळी जाळून टाकायला धुराचं तापमान पुरेसं चढावं लागतं. मुद्दाम जाळायची तर साडेपाचशे-सहाशे अंशांपर्यंत न्यावं लागतं. युरियाची फवारणीसुद्धा साधारण दोनशे अंशांच्या वरच नीट होते. नागपूर-हैदराबाद महामार्गावर भरल्या गाडीने तीन-चार तास एका वेगात चाललं की हे सगळं आपोआप होतं, ड्रायव्हरला कळतही नाही.

आणि आपल्याकडची ट्रिप कशी असते? खाणीत लाइन. भरून झालं की काट्यावर लाइन. मग दहा-बारा किलोमीटर सायडिंगपर्यंत किंवा वीज केंद्रापर्यंत, खड्ड्यांतून दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये. तिथे खाली करायला पुन्हा लाइन, आणि परत येताना गाडी रिकामी. लाइनमध्ये इंजिन सुरूच ठेवतात, मे महिन्यात तर एसी किंवा पंख्यासाठी ठेवावंच लागतं. अशा वेळी धूर थंड, फिल्टर भरत जातो आणि युरियाचे खडे जमतात. डॅशबोर्डवर दिवा लागतो, की गाडी थांबवून फिल्टर साफ होऊ द्या. पण ड्रायव्हरला ट्रिपवर पैसे मिळतात, तो थांबेल कसा? तो बटण दाबून काम पुढे ढकलतो. एक दिवस ते पुढे ढकलता येत नाही.

वर आपलं ऊन. या युरियाच्या द्रावणाला मानक ठरवून दिलेलं आहे. २५ अंशांच्या आत ठेवलं तर ते दीड वर्ष टिकतं, ३५ अंशांपर्यंत सहाच महिने. चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४६-४७ वर जातो आणि टपरीच्या पत्र्याखाली बादल्या रचून ठेवलेल्या असतात, तेव्हा त्यांचं काय होत असेल ते तुम्हीच गणित करा. त्यात काही बहाद्दर कृषी केंद्रातला युरिया पाण्यात घोळून टाकीत ओततात. आपल्या देशात शेतीचा युरिया २०१५ पासून सक्तीने कडुनिंबाच्या तेलाचा लेप दिलेला असतो. पिकाला तो चांगला. पण लाखभर रुपयांच्या एससीआर यंत्रणेला तो म्हणजे विषच.

गडचिरोलीत तर अडचण आणखी वेगळी. या जिल्ह्यात रेल्वे म्हणजे वडसा. बाकी सगळं, धान, बांबू, सागवान, सिमेंट, औषधं, रस्त्यानेच येतं-जातं. पावसाळ्यात पर्लकोटाला पूर आला की भामरागडचा रस्ताच तुटतो. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडचं लोहखनिज सुरू झाल्यापासून आलापल्ली-आष्टी रस्त्यावर जड वाहनांची रीघ लागली. २०१६ च्या डिसेंबरमध्ये तिथे सुमारे ऐंशी वाहनं नक्षलवाद्यांनी जाळली, तेव्हा या भागात ट्रक लावणं म्हणजे काय जोखीम असते ते सगळ्या राज्याला कळलं. २०२५ मध्ये हेडरी ते कोनसरी अशी पाइपलाइन झाली आणि खनिजाचा काही भार रस्त्यावरून उतरायची सोय झाली. पण धान काही पाइपातून जाणार नाही.

माझ्या काकांचा दहा चाकी ट्रक आहे, चामोर्शीकडे. मागच्या वर्षी आलापल्लीच्या पुढे जंगलात त्याचा दिवा लागला आणि ताकद गेली. गाडी कशीबशी गावापर्यंत आणली. तिथला मिस्त्री पंचवीस वर्षांपासून ट्रकच उघडतोय. त्याने फिल्टर बदलले, वायरिंग तपासलं, युरियाची टाकी धुतली. दिवा काही जाईना. शेवटी हात पुसत तो म्हणाला, "भाऊ, माह्यापाशी पाने सगळे हायेत, पासवर्ड नाही." कंपनीची व्हॅन तिसऱ्या दिवशी आली. लॅपटॉप लावला आणि दहा मिनिटांत कळलं, की एक नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर गेला आहे. तो नागपूरहून यायला आणखी तीन दिवस लागले. बदलायला लागला अर्धा तास! कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कुठल्याही कंपनीची गाडी असती तरी त्या जंगलात हेच झालं असतं. सहा दिवसांचं भाडं गेलं, बँकेचा हप्ता मात्र वेळेवर हजर.

आता सांगा, हे इंजिन वाईट आहे का? मला नाही वाटत. इंजिनाचा गाभा, पिस्टन, क्रँक, लायनर, सगळं ठणठणीत होतं. अडलं ते एका सेन्सरपाशी आणि खरं तर एका माहितीपाशी. म्हणून माझं म्हणणं असं आहे, की आपल्या भागाला इंजिनांची आणखी नावं मिळाली नाहीत तरी चालेल. आपल्याला दुरुस्तीची निवड मिळाली पाहिजे. गाडी कुणाकडून सुधारून घ्यायची हे मालकाला ठरवता येत नसेल, तर पाच कंपन्या असोत की पंधरा, तो एकाच दारात बांधलेला राहतो.

कुणी म्हणेल, अमेरिकेसारखी मोकळीक असती तर? तिथे ट्रक एका कंपनीचा आणि इंजिन कमिन्स, कॅटरपिलर किंवा डेट्रॉइटचं, असं ऑर्डर देऊन घेता यायचं. पण २०१० चे उत्सर्जन नियम आले आणि कॅटरपिलरने रस्त्यावरच्या ट्रकची इंजिनं बनवणंच सोडलं. नॅव्हिस्टारने युरिया नकोच म्हणून फक्त धूर परत इंजिनात फिरवण्याच्या तंत्रावर भिस्त ठेवली. ते नियमात बसेना, गाड्या बिघडू लागल्या, आणि २०१२ मध्ये त्यांनाही एससीआर स्वीकारून कमिन्सचं इंजिन घ्यावं लागलं. म्हणजे धुराचे नियम कडक झाले की इंजिनांची संख्या घटते, हे तिथेही घडलं. युरोपने मात्र एक शहाणपण केलं. युरो-६ चा जो मूळ कायदा, २००९ चा, त्यातच लिहून ठेवलं की दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही मिळाली पाहिजे. आपण त्यांच्याकडून धुराचे आकडे घेतले. माहितीचा हक्क आलापल्लीच्या मिस्त्रीपर्यंत काही पोहोचला नाही.

आपल्याकडे काहीच झालं नाही असंही नाही. २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजना न दिल्याबद्दल २,५०० कोटींहून जास्त दंड सुनावला होता. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली, त्यात वाहनंही धरली आहेत. पण कार बिघडली तर माणूस रिक्षाने ऑफिसला जातो. ट्रक बिघडला तर त्याचं ऑफिसच बंद पडतं.

कंपन्यांचं एक म्हणणं खरं आहे, ते मान्य केलं पाहिजे. संगणक सगळ्यांना उघडा करून दिला तर लोक प्रदूषणाची यंत्रणाच बंद करून टाकतील. पण साहेब, ते आजही चाललंच आहे! 'युरिया बायपास' करून देणारे बाजारात आहेतच. सरळ दुरुस्ती सहा दिवस दूर असेल आणि बायपास दोन तासांवर, तर हप्ता भरणारा माणूस काय करेल? दोष वाचायची आणि सेन्सर बदलून नोंदवायची परवानगी वेगळी, इंजिनाचा मूळ प्रोग्राम बदलायची वेगळी. पहिली द्या, दुसरी कुलुपात ठेवा. हे फरक करणं इंजिनिअरला अवघड नाही.

तर करायचं काय? घरी नवीन गाडी घेण्याचं चाललं असेल तर तुम्ही सोबत जा आणि डीलरला चार प्रश्न विचारा. आमची ट्रिप दहा किलोमीटरची आहे, या कामात डीपीएफची काय अवस्था होते? सेन्सर आणि इंजेक्टर चंद्रपुरात स्टॉकमध्ये आहेत की नागपूरहून येतात? गाडी आलापल्लीला बंद पडली तर माणूस किती तासांत येईल, आणि हे लिहून देता का? ड्रायव्हरला शिकवणार कोण? या उत्तरांत ज्याचा आवाज खाली येतो, त्याची गाडी स्वस्त असली तरी महाग पडेल.

आणि आपण? आपल्या वर्कशॉपमध्ये कापून रंगवलेलं जुनं इंजिन आहे, त्याला नमस्कार करून आपण पास होतो. फायनल इयरला दरवर्षी तेच सोलर कुकर आणि तेच सायकलवर चालणारे पंप. त्याऐवजी एक काम करता येईल. ट्रकमधले संगणक आपसात ज्या भाषेत बोलतात ते जे-१९३९ मानक प्रसिद्ध आहे, त्यातली बरीच माहिती वाचता येते. एका ओळखीच्या मालकाच्या टिप्परवर महिनाभर यंत्र लावा. घुग्घूसच्या लाइनमध्ये धुराचं तापमान किती, फिल्टर किती दिवसांत भरतो, किती वेळ इंजिन नुसतंच चालू, हे मोजा. असा आकडा आपल्या जिल्ह्याचा असला तर खाणवाल्यांना लाइन कमी करा म्हणता येईल, आणि कंपनीला या कामासाठी वेगळी सेटिंग द्या म्हणता येईल. सरांनी मनावर घेतलं तर आयटीआयच्या डिझेल मेकॅनिकच्या मुलांना आणि पडोलीच्या मिस्त्रींना बोलावून सुट्टीत आठ दिवसांचा वर्गही घेता येईल. शिकवू आपण स्कॅनर, आणि ते आपल्याला इंजिन शिकवतील. सौदा आपल्याच फायद्याचा आहे.

उद्या इलेक्ट्रिक टिप्पर आले की हा प्रश्न सुटेल, असं आमच्या रूममेटचं मत आहे. धुराचा सुटेल, हे खरं. पण ती गाडी तर लॅपटॉपशिवाय बॉनेटही उघडू देणार नाही. तेव्हा ही सवय आत्ताच लावून घेतलेली बरी. गाडी ज्याच्या नावावर आणि कर्ज ज्याच्या डोक्यावर, त्याला ती उघडून बघण्याचाही हक्क आहे. आणि त्याच्या गावातल्या मिस्त्रीला तो पासवर्ड मिळवून देणं, हे डिग्री घेऊन बाहेर पडणाऱ्या आपल्यासारख्यांचं काम आहे.

तृतीय वर्ष, मेकॅनिकल